मॅकॉर्कल प्लेसवरच्या त्या स्त्रीची नोंद करा

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, चॅपल हिल, यांचे विश्वस्त मंडळ आणि विद्यापीठ प्रणालीचे बोर्ड ऑफ गव्हर्नर्स यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्य,

नमस्कार.

तुमच्या विद्यापीठाच्या जुन्या आवारात, मॅकॉर्कल प्लेसवर, कॉन्फेडरेट सैनिकाचा, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या बाजूने लढलेल्या सैनिकाचा, एक पुतळा १०५ वर्षं उभा होता. लोक त्याला ‘सायलेंट सॅम’ म्हणत. २० ऑगस्ट २०१८च्या रात्री आंदोलकांनी दोर लावून तो खाली ओढला. पुढच्या जानेवारीत चौथराही हलवला गेला. आता तिथे गवत आहे. तिथे काय होतं, कोणी उभारलं, कशासाठी उभारलं, कोणी पाडलं आणि का, यातलं एक वाक्यही त्या जागेवर लिहिलेलं नाही. नवा विद्यार्थी तिथून चालत जातो आणि त्याला काही कळत नाही. काहीच न लिहिणं हासुद्धा तुमचाच निर्णय आहे. तो मला मान्य नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

हाच मजकूर इंग्रजीतून तुमच्या कार्यालयाकडे पाठवला आहे. मराठीतून तो जाहीर करण्याचं कारण सरळ आहे. केरी, मॉरिसव्हिल, एपेक्स, चॅपल हिल या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत. आमची मुलं तुमच्याकडे शिकतात, आमच्या कराचा पैसा तुमच्या विद्यापीठात जातो. माझी मुलगी तुमचीच माजी विद्यार्थिनी. पुतळा पडला ती तिच्या पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू व्हायच्या आदली रात्र होती. त्या आठवड्यात आमच्या ओळखीच्या घरांतून एकच वाक्य ऐकू येत होतं: हे गोऱ्या-काळ्यांचं भांडण आहे, आपण त्यात पडू नये. ते वाक्य मला तेव्हाही पटलं नव्हतं.

मी मूळची नांदेड जिल्ह्यातली. २७ जुलै १९७८ला महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि आमच्या भागात दलित वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे यांना ठार मारलं गेलं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. विद्यापीठाच्या कमानीवर कुणाचं नाव असावं, एवढ्या गोष्टीवरून शेजारी शेजाऱ्याचं घर जाळतो हे त्या वयात पाहिलं की पुढे आयुष्यभर कुणी ‘नावात काय आहे’ म्हणालं तर ऐकवत नाही. नामांतराचा लढा सोळा वर्षं चालला. नागपूरहून औरंगाबादपर्यंत लोक चालत निघाले, तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. आजही त्या तारखेला लोक विद्यापीठाच्या गेटवर माथा टेकायला येतात.

तुमच्या मंडळाच्या इतिहासातही सोळा वर्षं आहेत, त्यांच्याकडे पुढे येते. आधी १९१३.

२ जून १९१३ला या पुतळ्याचं अनावरण झालं. ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ या संघटनेने पुढाकार घेतला होता. समारंभात राज्याचे गव्हर्नर बोलले, आणि ज्युलियन कार बोलले. कार म्हणजे याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी, तंबाखूच्या धंद्यात श्रीमंत झालेले, विद्यापीठाचे मोठे देणगीदार. कॉन्फेडरेट सैनिकाने युद्धानंतरच्या चार वर्षांत दक्षिणेतल्या अँग्लो-सॅक्सन वंशाला कसं वाचवलं, हे त्यांनी भाषणात सांगितलं. मग एक आठवण सांगितली. अपोमॅटॉक्सला दक्षिणेच्या सैन्याने शरणागती पत्करल्यानंतर आपण गावी परतलो, त्याला नव्वद दिवसही झाले नसतील. आपण आज उभे आहोत तिथून शंभर यार्डांवर एका काळ्या स्त्रीला घोड्याच्या चाबकाने तिच्या घागऱ्याच्या चिंध्या होईपर्यंत मारलं. तिचा गुन्हा काय, तर तिने एका गोऱ्या बाईचा रस्त्यात अपमान केला होता. विद्यापीठात तेव्हा केंद्र सरकारच्या शंभर सैनिकांची तुकडी होती. त्या सगळ्यांच्या समोर आपण हे सुखद कर्तव्य पार पाडलं, असं कार म्हणाले. सुखद हा त्यांचाच शब्द.

त्या भाषणातल्या एका तपशिलावर मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते. ती स्त्री संरक्षणासाठी विद्यापीठाच्या इमारतींकडे धावली होती. १८६५चा उन्हाळा. गुलामगिरी नुकतीच संपलेली. आपण आता स्वतंत्र आहोत, इथे सरकारचे सैनिक आहेत, इथे आपल्याला कुणी हात लावणार नाही, असं तिला वाटलं असणार. ती तुमच्या दारात आली होती. तिथेच तिला मारलं गेलं. अठ्ठेचाळीस वर्षांनी मारणाऱ्याने ते अभिमानाने भर समारंभात सांगितलं आणि विद्यापीठाने तो पुतळा स्वीकारला. त्याच माणसाचं नाव एका इमारतीला आधीपासूनच दिलेलं होतं. त्या स्त्रीचं नाव कुठेही नाही. कार यांनी ते सांगितलं नाही आणि ते विचारण्याची गरज कुणालाही वाटली नाही.

हे भाषण विद्यापीठाच्याच अभिलेखागारात पडून होतं. इतिहासाच्या एका संशोधक विद्यार्थ्याला ते सापडलं आणि २०११मध्ये ‘डेली टार हील’ या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रातून लोकांसमोर आलं. तेव्हापासून हा पुतळा कशासाठी उभा आहे याबद्दल शंका घ्यायला जागा उरली नाही. युद्धात मेलेल्या विद्यार्थ्यांचं हे स्मारक आहे असं काही जण आजही म्हणतात. मेलेल्यांचा शोक करण्याचा हक्क कुणाचाही असतो, त्यांच्या घरच्यांचा तर असतोच. पण स्मारक कशाचं आहे हे उभारणाऱ्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं आहे, आणि ते नोंदलेलं आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार तुम्ही दरवाजे कसे बंद केलेत त्याबद्दल. पुतळ्याला विरोध काही २०१८मध्ये सुरू झाला नाही. १९६८मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर त्याच्यावर रंग टाकला गेला होता. नोव्हेंबर १९७०मध्ये जेम्स केट्स या बावीस वर्षांच्या काळ्या तरुणाचा विद्यापीठाच्या आवारात भोसकून खून झाला, आरोपी सुटले, आणि पुढच्या वर्षी काळे विद्यार्थी निषेधासाठी जमले ते याच पुतळ्यापाशी. पन्नास वर्षं अर्ज, निवेदनं, सभा, धरणी चालू होती. २०१५मध्ये विधिमंडळाने कायदा केला की सार्वजनिक जागेवरचं असं कुठलंही स्मारक राज्याच्या ऐतिहासिक आयोगाच्या मंजुरीशिवाय हलवता येणार नाही. चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ काळ्या माणसांना गोळ्या घातल्या गेल्या, त्याला तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात विश्वस्तांनी सॉन्डर्स हॉलचं नाव काढलं, कारण सॉन्डर्स हे काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेचे पुढारी होते. विद्यार्थ्यांनी लेखिका झोरा नील हर्स्टन यांचं नाव मागितलं होतं. तुम्ही ‘कॅरोलायना हॉल’ असं कुणालाच न दुखावणारं नाव दिलंत. आणि त्याच बैठकीत ठरवलंत की पुढची १६ वर्षं कुठल्याही इमारतीचं नाव बदलायचं नाही.

सोळा वर्षं! विद्यार्थी तुमच्याकडे चार वर्षं असतो. म्हणजे मागणी करणाऱ्यांच्या चार पिढ्या निघून जाईपर्यंत थांबायचं. मराठवाड्यात सोळा वर्षांत काय काय होतं हे मी पाहिलं आहे. तुमची बंदी २०२०च्या जूनमध्ये उठली, पण त्यासाठी जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा रस्त्यावर पोलिसाच्या हातून जीव जावा लागला.

पुतळा जमावाने पाडला हे तुमच्यापैकी अनेकांना खटकलं. तो ठरावाने, दिवसाढवळ्या, क्रेन लावून उतरवला गेला असता तर मलाही अधिक समाधान वाटलं असतं. एप्रिल २०१८मध्ये इतिहासाची संशोधक विद्यार्थिनी माया लिटल हिने लाल शाईत स्वतःचं रक्त मिसळून पुतळ्यावर ओतलं आणि तिच्यावर खटला चालला. शिकायला आलेल्या मुलीला स्वतःचं रक्त वापरावं लागतं, इतका काळ तुम्ही ऐकलं नव्हतं. जबाबदारीची चर्चा तिथून सुरू व्हायला हवी.

दुसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे आणि ती बोर्ड ऑफ गव्हर्नर्सकडे आहे. २७ नोव्हेंबर २०१९, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, लोक सुट्टीला निघालेले असताना जाहीर झालं की पुतळा ‘सन्स ऑफ कॉन्फेडरेट व्हेटरन्स’ या संघटनेला दिला जाईल आणि त्याच्या जतनासाठी २५ लाख डॉलरचा ट्रस्ट केला जाईल. दावा दाखल झाला आणि काही मिनिटांत तडजोडही मंजूर झाली, कारण ती आधीच ठरलेली होती. याशिवाय ७४,९९९ डॉलर त्याच संघटनेला वेगळे दिले गेले, तेही नंतर उघड झालं. फेब्रुवारी २०२०मध्ये न्यायाधीशांनी स्वतःचा आदेश मागे घेतला, कारण त्या संघटनेला मुळात दावा करण्याचा हक्कच नव्हता. पुतळा परत आला. विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने, विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या वकिलांनी पाठपुरावा केला नसता तर ते पैसे गेले होते. ज्या आवारात शंभर यार्डांवर त्या स्त्रीला चाबकाने मारलं, त्या विद्यापीठाने त्या भाषणाच्या वारसदारांना २५ लाख डॉलर देऊ केले. तिच्यासाठी मात्र आजवर तुम्ही एक दगडही बसवला नाही. या व्यवहाराबद्दल मंडळाने जाहीर माफी मागायला हवी होती.

तिसरी तक्रार उरलेल्या नावांची. जुलै २०२०मध्ये तुम्ही कार, एकॉक, डॅनियल्स या गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पुरस्कार करणाऱ्यांची नावं इमारतींवरून काढलीत. नंतर एका इमारतीला हेन्री आउल या पहिल्या आदिवासी विद्यार्थ्याचं आणि एका वसतिगृहाला हॉर्टेन्स मॅक्लिंटन या पहिल्या काळ्या प्राध्यापिकेचं नाव दिलंत. हे चांगलं झालं आणि ते मी मनापासून लिहिते. पण तुमच्याच विद्यापीठाने नेमलेल्या इतिहास आयोगाने पुढे आणखी दहा नावं काढण्याची शिफारस केली, ती पडून राहिली. हॅमिल्टन हॉलमध्ये इतिहास विभाग बसतो. तिथल्या प्राध्यापकांनी २०२०पासून त्या इमारतीला पॉली मरे यांचं नाव लावलं आहे. १९३८मध्ये पॉली मरे यांनी तुमच्याकडे प्रवेश मागितला होता आणि वंशाच्या कारणाने तुम्ही तो नाकारला होता. त्या पुढे देशातल्या मोठ्या नागरी हक्क वकिलांपैकी एक झाल्या. प्राध्यापक जे नाव पत्राच्या डोक्यावर लिहितात ते तुम्ही इमारतीवर का लिहीत नाही, याचं उत्तर तुमच्याकडून यायला हवं.

चौथी तक्रार आमच्या नावाने केलेल्या गोष्टींची आहे. २९ जून २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने तुमच्या विद्यापीठाच्या खटल्यात प्रवेशातला वंशाचा विचार बंद केला. फिर्यादी संघटनेने आशियाई मुलांवर अन्याय होतो असं सांगितलं होतं. विद्यापीठाने तेव्हा न्यायालयात आपल्या धोरणाची बाजू मांडली हे मला ठाऊक आहे. पण निकालानंतरच्या २०२४च्या प्रवेशात काळ्या विद्यार्थ्यांचं प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ७.८ टक्क्यांवर आलं, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तुम्ही विविधता आणि समावेशनाचे २३ लाख डॉलर पोलीस व सुरक्षेकडे वळवलेत. माझ्या समाजातल्या काहींनी निकालावर पेढे वाटल्यासारखा आनंद केला. त्यांना मी इथेच सांगते: आपल्या मुलांना या देशाच्या विद्यापीठांची दारं उघडली ती काळ्या लोकांनी लढून उघडलेली आहेत. चॅपल हिलमध्ये पहिले काळे विद्यार्थी कोर्टाच्या आदेशाने १९५१मध्ये विधी महाविद्यालयात आले आणि पदवीच्या वर्गात १९५५मध्ये. १९६५च्या ज्या कायद्याने आपण इथे येऊ शकलो, तो नागरी हक्कांच्या चळवळीच्या पाठबळाशिवाय झाला नसता. माझ्या मुलीच्या गुणपत्रिकेचा वापर करून दुसऱ्याच्या मुलीला मागे ढकलू नका, एवढं माझं तुम्हालाही सांगणं आहे.

‘तुम्हाला यात काय’ असं विचारणाऱ्या मराठी माणसांसाठी आणखी थोडं. १८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं, तेव्हा ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. म्हणजे त्या स्त्रीला चाबकाने मारलं त्यानंतर आठच वर्षांनी पुण्यातला एक माणूस इकडच्या गुलामांचं आणि आपल्या शूद्रातिशूद्रांचं दुःख एकत्र पाहत होता. १९१३मध्ये मॅकॉर्कल प्लेसवर जून महिन्यात हा पुतळा उभा राहिला, आणि जुलैमध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला उतरले. एक विद्यार्थी म्हणून ते त्या वर्षी चॅपल हिलला आले असते तर त्यांना वसतिगृहात जागा मिळाली असती का, याची मला शंका आहे. १९४६मध्ये त्यांनी काळ्यांचे मोठे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं, अस्पृश्यांची आणि काळ्यांची स्थिती किती सारखी आहे ते त्यात मांडलं, आणि काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. आपल्या मोठ्या माणसांनी हे भांडण कधीच परकं मानलं नव्हतं.

मॅकॉर्कल प्लेसवर एक स्मारक आहे, तेही सांगायला हवं. २००२च्या पदवीधरांनी भेट दिलेलं, काळ्या दगडाचं एक गोल टेबल, ते खालून शेकडो छोट्या ब्राँझच्या माणसांनी उचलून धरलेलं. विद्यापीठ ज्यांनी बांधलं त्या गुलाम आणि मुक्त काळ्या लोकांसाठी ते आहे. कल्पना मोठी आहे. पण लोक त्यावर डबे ठेवून जेवतात, कारण टेबल म्हटलं की माणूस तेच करणार, आणि खाली वाकून त्या ब्राँझच्या चेहऱ्यांकडे फारसं कुणी पाहत नाही. २०१९मध्ये त्यावर वंशद्वेषाचे शब्द लिहून घाण करण्यात आली. शिवाय ते सर्वांसाठी आहे, कुणा एकीसाठी नाही. बेवारस मालमत्तेच्या जुन्या कायद्याने या विद्यापीठाकडे गुलाम माणसं आली आणि विद्यापीठाने ती विकली. त्या पैशावर वर्ग चालले. त्यातल्या किती जणांची नावं तुमच्याच दप्तरांत आहेत! ती वाचायला माणसं नेमा.

माझ्या मागण्या अशा आहेत.

मॅकॉर्कल प्लेसवर, पुतळा होता त्या जागी, कायमचा फलक लावा. त्यावर १९१३चं कार यांचं भाषण त्यांच्याच शब्दांत असावं, त्या स्त्रीला इथे मारलं गेलं आणि ती आसऱ्यासाठी विद्यापीठाकडे आली होती हे असावं, आणि २०१८मध्ये काय झालं तेही असावं. मजकूर इतिहास विभागाने लिहावा. २०१५चा कायदा आधीच उभी असलेली स्मारकं हलवण्याबद्दल आहे. नवा फलक लावायला त्यात मनाई नाही. शेजारच्या कारबरो गावाचं नावच कार यांच्यावरून पडलं आहे, तरी त्या गावाने टाउन हॉलपाशी त्यांच्याबद्दलचं सत्य सांगणारा फलक लावला. एका छोट्या गावाला जे जमलं ते देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक विद्यापीठांपैकी एकाला जमायला हवं.

पुतळा विद्यापीठाच्या कुठल्याही आवारात परत उभा राहणार नाही आणि कुठल्याही कॉन्फेडरेट संघटनेला दिला जाणार नाही, असा लेखी ठराव करा.

उरलेल्या दहा नावांवर खुल्या बैठकीत, एकेका नावावर, नोंदवलेलं मतदान घ्या. विरोधात मत द्यायचं असेल त्याने ते द्यावं आणि कारण सांगावं. हॅमिल्टन हॉलला पॉली मरे यांचं नाव द्या.

विद्यापीठाने विकलेल्या माणसांच्या नोंदी शोधण्यासाठी अभिलेखागाराला वेगळा निधी आणि माणसं द्या, आणि त्यांना राजकीय वाऱ्यापासून सुरक्षित ठेवा.

नव्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना आवार दाखवताना हा इतिहास सांगा. आम्हाला ओल्ड वेलचं पाणी प्यायलं की चांगले गुण मिळतात हे सांगितलं होतं. त्या विहिरीपासून चालत काही मिनिटांवर काय घडलं होतं, ते कुणी सांगितलं नाही.

आणि स्मारकांबद्दलचा कुठलाही निर्णय सुट्टीच्या आदल्या दिवशी, बंद दाराआड घेऊ नका.

विश्वस्तांच्या बैठकीपुढे हे पत्र वाचायला वेळ मिळावा म्हणून मी रीतसर विनंती करणार आहे. या भागातल्या मराठी पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या नावाने तुम्हाला लिहावं, असं आवाहन मी याच पत्रातून करते. तुमच्या उत्तराची तारीख मला कळवावी.

आपली,
एका माजी विद्यार्थिनीची आई आणि नॉर्थ कॅरोलायनाची करदाती
मॉरिसव्हिल